कुलज हृद्रोग : एका रुग्णामागील कुटुंबाचा शोध

रुग्णपरीक्षणात 'घरात कोणास हृदयविकार आहे काय?' हा प्रश्न आपण सर्व वैद्य विचारतो. उत्तर केसपेपरवर नोंदले जाते आणि बहुधा तेथेच राहते. त्या उत्तराचा पाठपुरावा का करावा, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

समजा, सदाशिव पेठेतील ३६ वर्षांचे एक गृहस्थ अम्लपित्तासाठी आले. बांधा कृश, आहार सात्त्विक, व्यसन नाही. वडील मात्र ४४ व्या वर्षी हृदयविकाराने गेलेले. मेदोरोगाचे एकही लक्षण नसल्याने कोलेस्टेरॉलची शंका आपल्या मनात येत नाही. चूक होते ती येथेच.

रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून घेण्यासाठी यकृतातील पेशींवर विशिष्ट ग्राहके असतात. ही ग्राहके घडविणाऱ्या जनुकाची माता अथवा पिता यांच्याकडून आलेली एक प्रत सदोष असल्यास ग्राहकांचे कार्य सुमारे निम्म्यावर येते आणि एलडीएल जन्मापासूनच वाढलेले राहते. अमेरिकेतील ब्राऊन व गोल्डस्टीन यांनी ही यंत्रणा उलगडली. त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी भारतीय रुग्णांतही या जनुकातील दोष नोंदविले आहेत.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात आदिबलप्रवृत्त व्याधी मातृज व पितृज असे विभागले आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचार आहे. हा वारसा अभिमानास्पद आहे; परंतु केवळ साम्य दाखवून समाधान मानल्याने रुग्णाचे हित साधत नाही.

जगभरातील पाहण्यांनुसार हा विकार सुमारे २५० ते ३०० व्यक्तींमागे एकास आढळतो. हेच प्रमाण धरल्यास ३ लाख वस्तीत सुमारे १,००० रुग्ण असावेत. उपचाराविना यांतील सुमारे निम्म्या पुरुषांना पन्नाशीपर्यंत हृद्‌रोहिणीविकार गाठतो. स्त्रियांत हा धोका काही वर्षे उशिरा येतो.

शंका केव्हा घ्यावी? प्रौढात एलडीएल १९० मिलिग्रॅमहून अधिक किंवा बालकात १६० हून अधिक असल्यास. जवळच्या नात्यात पुरुषास ५५ पूर्वी वा स्त्रीस ६० पूर्वी हृदयविकार झाला असल्यास. टाचेमागील अथवा हाताच्या मागील बाजूच्या कंडरांवर गाठी असल्यास. ४५ पूर्वी नेत्रातील कृष्णमंडलाभोवती पांढुरके कडे दिसल्यास. गाठी व कडे नसली तरी विकार नाही असे समजू नये. थायरॉइडची मंदता, वृक्कविकार व पित्तमार्गाचा अवरोध ही एलडीएल वाढण्याची इतर कारणे आधी वगळावीत.

एक रुग्ण सापडला की खरे काम सुरू होते. त्याच्या प्रत्येक भावंडास व अपत्यास हा दोष असण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून वंशवृक्ष काढून सर्वांची लिपिड तपासणी करावी. ज्यांच्यात दोष आढळेल त्यांच्या नातलगांकडे पुढे जावे. साध्या तपासणीने बहुतेकांचा उलगडा होतो. जनुकीय तपासणीने निश्चिती होते. माता व पिता दोघांतही दोष असल्यास प्रत्येक अपत्यात दोन्ही प्रती सदोष असण्याची शक्यता चौथाई असते. अशा बालकास दहा-वीस वर्षांच्या वयातच हृदयविकार होऊ शकतो. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा आहे, तेथे हा प्रश्न अगत्याने विचारावा.

चिकित्सेविषयी आम्ही स्पष्ट बोलू इच्छितो. गुग्गुळाच्या मेदोहर गुणावर १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. सत्यवती यांनी केलेले कार्य सर्वांस ठाऊक आहे. तथापि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका नियंत्रित चाचणीत गुग्गुळाच्या सत्त्वाने एलडीएल घटले नाही, उलट किंचित वाढले. बीजातच दोष असता केवळ पथ्य व मेदोहर द्रव्ये यांवर विसंबणे धोक्याचे आहे. अशा रुग्णास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि चालू असलेले स्टॅटिन आपण होऊन बंद करू नये. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने मात्र या औषधाविषयी तज्ज्ञांशी आधीच बोलावे. आहार, व्यायाम, तंबाखूवर्जन व नियमित पाठपुरावा यांत वैद्याचे स्थान मोठे आहे.

कुटुंबाच्या तीन पिढ्या ओळखणारा वैद्य पुण्याच्या पेठांत आजही आहे. वरील गृहस्थांची लहान मुलगी दाराशी उभी असेल, तर तिचीही तपासणी सुचवावी. अम्लपित्ताच्या औषधाइतकेच तेही आपले कर्तव्य आहे.