माळव्याच्या उन्हाळ्यात फर्न कसे टिकवावेत



पावसाळा सुरू झाला की फ्रीगंजमध्ये रोपांच्या हातगाड्यांवर हिरवेगार, झुपकेदार फर्न दिसू लागतात. श्रावणात हौसेने घरी आणलेले हे झाड दिवाळीपर्यंत छान दिसते, थंडीत जरा सुस्तावते आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्याच्या पानांची टोके करपू लागतात. जूनपर्यंत कुंडीत नुसत्या तपकिरी काड्या उरतात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नवे झाड, पुन्हा तोच खर्च. मग 'उज्जैनला फर्न जगतच नाही' असे आपण ठरवून टाकतो.

हे अर्धेच खरे आहे. काही जाती आपल्याकडे फार सांभाळाव्या लागतात, पण काही जाती थोड्या व्यवस्थेने वर्षानुवर्षे राहतात. म्हणून 'पाणी किती घालायचे?' या प्रश्नाआधी 'ही जात कोणती आणि तिचे मूळ घर कुठले?' हा प्रश्न विचारायला हवा. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मी त्याला झाडाची केवायसी म्हणतो.

फर्न म्हणजे नेमके काय?

मराठीत फर्नला 'नेचा' म्हणतात. शाळेच्या पुस्तकात हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला आहे. फर्नला फूल येत नाही, फळ धरत नाही आणि बीही नसते. पृथ्वीवर फुलझाडे येण्याच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीपासून हे कुळ आहे. आज जगात त्याच्या सुमारे साडेदहा हजार जाती आहेत.

ओळखण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत. पहिली, नवे पान गोगलगायीच्या शंखासारखे गुंडाळलेले वर येते आणि मग हळूहळू उलगडते. दुसरी, पूर्ण वाढलेल्या पानाच्या मागे तपकिरी ठिपके किंवा पट्टे दिसतात. त्यांत धुळीसारखे बारीक बीजाणू असतात. बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून नखाएवढी किंवा त्याहून लहान हिरवी चकती तयार होते. या चकतीवर नर आणि मादी पेशी तयार होतात. नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादी पेशीकडे जाते, तेव्हा नवे रोप जन्मते. ओलावा नसेल तर फर्नचा वंशच पुढे सरकत नाही. त्याची ओल्या, सावलीच्या जागेची आवड इतकी जुनी आहे.

आपली अडचण पाण्याची नाही, हवेची आहे

उज्जैनचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी होते. घरात लावायचे बहुतेक फर्न मात्र हवेत निदान ५० टक्के आर्द्रता मागतात.

याचा जमाखर्च असा मांडता येईल. मुळे पाणी जमा करतात आणि पाने ते हवेत खर्च करतात. लू चालते तेव्हा खर्च इतका वाढतो की कुंडी ओली असूनही पानाच्या टोकापर्यंत पाणी पोहोचत नाही, आणि टोक करपते. हे पाहून आपण आणखी पाणी ओततो. मग मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणजे जमेची बाजूही बंद पडते. उन्हाळ्यातले पुष्कळ फर्न वरून वाळलेले दिसतात, पण मेलेले असतात खालून कुजून. तेव्हा पाणी वाढवण्यापेक्षा पानांचा खर्च कमी करणे महत्त्वाचे.

जाती ओळखू या

*नेफ्रोलेपिस.* हातगाडीवर नुसते 'फर्न' म्हणून मिळते ते बहुधा हेच. लांब पाते आणि दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारखी पर्णिका, असे त्याचे रूप. त्याच्या दोन जाती वेगळ्या ओळखाव्यात. एक, प्रसिद्ध बोस्टन फर्न. हा अमेरिकेतल्या नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटाचा प्रकार, पाने कमानीसारखी झुकलेली. दुसरी नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया, पाने जास्त ताठ. हिच्या मुळांजवळ गोटीएवढ्या गाठी असतात आणि त्यांत पाणी साठते. माळव्यासाठी ही दुसरी जात अधिक भरवशाची. घेताना विक्रेत्याला विनंती करून रोप थोडे बाहेर काढून पाहा. गाठी दिसल्या की निःशंक घ्या. गाठी म्हणजे रोग समजून त्या काढून टाकू नका, ती झाडाची बचत आहे.

*हंसराज.* शास्त्रीय नाव अ‍ॅडिअँटम. काळ्या, चमकदार, तारेसारख्या काड्या आणि नाजूक हिरव्या पर्णिका. पानावर पाणी टाकले तर ते मोत्यांसारखे घरंगळते, पान भिजत नाही. दिसायला सर्वांत सुंदर आणि सांभाळायला सर्वांत अवघड. एकदा माती पूर्ण सुकली की दोन दिवसांत सगळी पाने चुरगळतात. पण लगेच कुंडी फेकू नका. वाळलेल्या काड्या मातीलगत कापा, कुंडी सावलीत ठेवा आणि माती दमट राहू द्या. आतला कंद जिवंत असेल तर नवे कोंब येतात. याची एक जात, अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस, निसर्गात चुनखडीच्या ओल्या कड्यांवर आणि विहिरींच्या भिंतींवर वाढते. त्यामुळे क्षाराच्या पाण्याचा तिला इतरांइतका त्रास होत नाही.

*पक्ष्याचे घरटे.* अ‍ॅस्प्लेनियम नायडस. अखंड, रुंद, चकचकीत पाने मध्यभागातून घरट्यासारखी पसरतात. हे मूळचे झाडांच्या फांद्यांवर राहणारे. याला पाणी कडेने द्यावे. मधल्या खळग्यात पाणी साचून राहिले तर कोंब कुजतो.

*सांबरशिंग.* प्लॅटिसेरियम. पाने शिंगांसारखी फाटलेली. हे लाकडी फळीवर बांधून भिंतीला टांगतात. बुडाशी ढालीसारखी गोल पाने असतात, ती काही दिवसांनी तपकिरी होतात. ती वाळलेली समजून ओरबाडू नयेत, मुळांचे रक्षण तीच करतात. पाणी देताना फळी बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवावी आणि निथळून पुन्हा टांगावी.

*सिर्टोमियम.* जाड, चामड्यासारखी, गडद हिरवी पाने. नर्सरीत 'हॉली फर्न' म्हणून मागावे. पान जाड असल्याने कोरडी हवा बरीच सहन करते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मंडळींनी पहिला फर्न घ्यायचा तर कॉर्डिफोलिया किंवा हा.

*टेरिस व्हिटाटा.* हा विकत घ्यावा लागत नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीवर किंवा गळक्या पाइपाजवळ विटांच्या फटीत आपोआप उगवतो. २००१ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या संशोधकांनी दाखवून दिले की हा फर्न जमिनीतले आर्सेनिक हे विष शोषून पानांत साठवतो. दूषित जमीन साफ करायला त्याचा उपयोग होतो. शोभेला ठेवायला हरकत नाही, पण गुरांना घालू नये आणि पाने कुठल्याही घरगुती औषधात वापरू नयेत.

*बाशिंग.* आपल्या पूर्वजांच्या सह्याद्रीतला हा फर्न, ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. झाडाच्या खोडावर नवरदेवाच्या बाशिंगासारखा बसतो, म्हणून हे नाव. खालची आखूड तपकिरी पाने पालापाचोळा अडवून स्वतःचे खत स्वतः तयार करतात, वरची लांब हिरवी पाने कोरड्या दिवसांत गळून जातात. सह्याद्रीतही पावसानंतरचे आठ महिने कोरडेच असतात. बाशिंग ते दिवस खर्च थांबवून काढते. उन्हाळ्यात काही फर्न विरळ झाले तर घाबरू नये, हे त्याच्याकडून शिकावे.

नावाने फर्न, जातीने नाही

'अ‍ॅस्पॅरागस फर्न' म्हणून मिळणारे पिसासारखे झाड फर्न नाही, ते आपल्या शतावरीचे भावंड आहे. त्याला बारीक फुले आणि फळे येतात, काट्यांवरूनही ते ओळखता येते. मात्र ते ऊन आणि कोरडेपणा फर्नपेक्षा पुष्कळ सहन करते. ज्यांच्या गच्चीवर सावली नाही त्यांनी तेच लावावे.

जत्रांत 'संजीवनी बूटी' म्हणून विकायला येणारी सुकलेली मूठ म्हणजे बहुधा सिलॅजिनेला ब्रायोप्टेरिस. पाण्यात टाकली की ती उलगडते आणि बघणारे चकित होतात. तीही खरा फर्न नाही, दूरची नातेवाईक म्हणता येईल. विंध्य-सातपुड्याच्या खडकांवरून ती उपटून आणलेली असते. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे मिटणे-उघडणे हा तिचा स्वभाव आहे, चमत्कार नाही.

यावरून एक विनंती. आपली मंडळी पचमढीला जातात, तिथल्या दऱ्यांतले फर्न पाहून मोह होतो. १९९९ साली पचमढी परिसराला जैवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. अभयारण्यातून झाड उपटून आणणे हा गुन्हा आहे. शिवाय दरीतल्या ओल्या गारव्यातले झाड फ्रीगंजच्या मे महिन्यात टिकण्याची आशा फार थोडी. फोटो काढावा आणि रोप नर्सरीतून घ्यावे.

घरातली व्यवस्था

*जागा.* उजेड हवा, ऊन नको. उत्तरेची खिडकी किंवा सकाळचे कोवळे ऊन येणारी पूर्वेची बाजू उत्तम. जुन्या घरांतला चौक असेल तर प्रश्नच मिटतो. उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर चालतो त्या खोलीची हवा दमट असते, तिथे फर्न सुखी असतात, फक्त झोत थेट अंगावर नको. एसीची खोली हवा सुकवते, ती टाळावी. खिडकी असलेले स्नानघरही चांगले.

*माती.* आपली काळी माती कापसाला आणि गव्हाला सोने आहे, फर्नला नाही. ओली झाली की चिकटते, सुकली की भेगाळते आणि नाजूक मुळे तुटतात. एक भाग कुजलेल्या पानांचे खत, एक भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग जाड रेती किंवा विटांचे बारीक तुकडे, असे मिश्रण करावे.

*कुंडी.* मातीची लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधली जागा रेतीने भरावी आणि ती रेती ओली ठेवावी. जुन्या माठासारखाच हा प्रकार आहे. भोवतालची हवा गार आणि दमट राहते. चार-पाच फर्न एकत्र ठेवल्यानेही फायदा होतो.

*पाणी.* बोट घालून पाहावे. वरची माती किंचित सुकली की भरपूर द्यावे आणि बशीतले उरलेले फेकावे. बोअरच्या जड पाण्याने कुंडीवर पांढरा थर चढतो, तो क्षाराचा असतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी फर्नला मुळीच घालू नये, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी दोन-चार कॅनमध्ये साठवले तर उन्हाळ्यात हंसराजापुरते पुरते.

*काचेची बरणी.* सुमारे १८२९ साली लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना एका बंद बाटलीत फर्न आपोआप उगवलेला दिसला. बाहेर धुरकट हवेत त्यांचे फर्न मरत होते. त्यावरून काचेच्या पेटीत झाडे वाढवण्याची पद्धत निघाली. आपल्याकडे धुराऐवजी लू आहे, उपाय मात्र तोच. मोठ्या काचेच्या बरणीत तळाशी खडी आणि वर मिश्रण घालून लहान हंसराज लावावा. बरणीवर थेट ऊन पडू देऊ नये, नाहीतर आत भट्टी होते.

ठिपके दिसले की औषध मारू नका

पानामागचे तपकिरी ठिपके पाहून कीड समजून फवारणी केली जाते आणि धडधाकट झाड त्या औषधानेच करपते. फरक सोपा आहे. बीजाणूंचे ठिपके फक्त पानाच्या मागे, रांगेत, सारख्या अंतरावर असतात. खवले कीड कुठेही, वेडीवाकडी, देठावरसुद्धा बसते, नखाने निघते आणि तिच्यामुळे पान चिकट होते. कीडच असेल तर ओल्या कापसाने पुसावी. कोणतेही औषध आधी एकाच पानावर लावून चार दिवस वाट पाहावी.

फर्न घरातली हवा शुद्ध करतात असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. १९८९ सालचे नासाचे प्रसिद्ध प्रयोग लहान बंद पेट्यांत केलेले होते. खिडक्या असलेल्या घरात दोन-चार कुंड्यांनी तसा परिणाम होत नाही. फर्न डोळ्यांना गारवा देतो, एवढे कारण पुरेसे आहे.

वर्षाचे वेळापत्रक

जून-जुलै: पहिल्या दोन-तीन सरींनंतर कुंडी बदलणे आणि गड्डे वेगळे करणे.
ऑगस्ट-सप्टेंबर: महिन्यातून एकदा निम्म्या मात्रेत पातळ खत.
नोव्हेंबर ते जानेवारी: पाणी कमी, खत बंद, रात्रीच्या गार वाऱ्यापासून आडोसा.
होळीनंतर: कुंड्या आत घ्याव्यात, ओल्या रेतीची व्यवस्था करावी. लू सुरू होण्याची वाट पाहू नये.
एप्रिल-मे: खत नाही, कापणी नाही, जागा बदलणे नाही. फक्त दमटपणा राखणे.

शेवटी एक सूचना. कॉर्डिफोलियाच्या कुंडीतून धाग्यासारखे फुटवे निघतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी नवे रोप धरते. ती पिल्ले भाद्रपदात लहान कुंड्यांत लावली तर संक्रांतीपर्यंत चांगली रुजतात. हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे लुटतो, त्याऐवजी यंदा काही घरांनी हे वाण द्यायला हरकत नाही. सोबत चिठ्ठीवर झाडाचे नाव आणि 'होळीनंतर आत घ्या' एवढे जरूर लिहावे.