परसातील कळप आणि कोंबड्यांच्या जाती

महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवर, नंदुरबार व धुळे जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात आणि लगतच्या गुजरातेतील आदिवासी पाड्यांवर ‘बुसरा’ नावाची कोंबडी आढळते. ती अंगाने लहान व हालचालीत चपळ असून तिच्या पिसांच्या रंगांत बरीच विविधता दिसते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ज्या देशी जातींची नोंद केली आहे, त्यांत असील, कडकनाथ, अंकलेश्वर यांच्या बरोबरीने बुसराचेही नाव आहे. ही कोंबडी वर्षाकाठी पन्नासच्या आसपास अंडी देते. पिंजऱ्यात वाढणारी आधुनिक संकरित कोंबडी तीनशेच्या घरात अंडी देत असताना पन्नास अंड्यांची कोंबडी कोणी का पाळावी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर ‘खुडूक’ या एका शब्दात दडलेले आहे. देशी कोंबडी बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते; म्हणजे अंडी घालणे थांबवून ती अंड्यांवर बसते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, अंडाशय आकसतो व भूक मंदावते. एकवीस दिवस उबवणी आणि त्यानंतर पिल्लांचा सांभाळ यांत तिचे दोन-तीन महिने सहज जातात. वर्षात असे तीन-चार फेरे झाले की पन्नास अंड्यांचा हिशेब जुळतो. लेगहॉर्नसारख्या जातींत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हा गुण जवळजवळ नाहीसा करण्यात आला. अंडी वाढली, पण उबवणीचे काम यंत्राकडे गेले. ज्या घरात यंत्र नाही आणि विजेचाही भरवसा नाही, तेथे खुडूक होणारी कोंबडी हेच उबवणीयंत्र होय. एका टोपलीत थोडे गवत आणि दहा-बारा अंडी, एवढाच त्याचा खर्च.

परसातील कुक्कुटपालन वाढावे म्हणून संशोधन संस्थांनी मधला मार्ग शोधला. बंगळूरची गिरिराजा आणि हैदराबादची वनराजा व ग्रामप्रिया ही त्याची सुपरिचित उदाहरणे. हे पक्षी रंगीत, काटक आणि मोकळे हिंडून चरणारे आहेत. अंडी व वजन या दोन्ही बाबतींत ते देशी कोंबडीला मागे टाकतात. मात्र ते सहसा खुडूक होत नाहीत, आणि आई नसल्यामुळे पिल्लांना पहिले पाच-सहा आठवडे कृत्रिम ऊब द्यावी लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे पक्षी भिन्न वंशांच्या संकरातून निर्माण केलेले असतात. त्यांचीच अंडी देशी कोंबडीखाली उबवली, तर पुढच्या पिढीत संकराचा जोम घटतो आणि पिल्ले एकसारखी निपजत नाहीत. म्हणून दर वेळी नवी पिल्ले विकत आणावी लागतात. हा दोष नव्हे. परंतु पिल्ले देणाऱ्याने हे आधी सांगितले पाहिजे, आणि ते नेहमी सांगितले जातेच असे नाही.

सुधारित पक्ष्यांचे नर गावात मोकळे सुटले म्हणजे दुसराच प्रश्न उभा राहतो. थोराड नर लहान देशी नराला सहज हुसकावून लावतो, आणि दोन-तीन पिढ्यांत पाड्यावरची मूळ जात ओळखेनाशी होते. बुसरासारख्या लहान क्षेत्रातील जातीला खरा धोका आहे तो या नकळत होणाऱ्या संकराचा. जात टिकवायची असेल तर कोंबड्यांपेक्षा कोंबड्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. साहजिकच पुढच्या पिढीचा निम्मा वारसा त्या एकट्याचा असतो. नर बदलला म्हणजे लगेच नव्या नराची पिल्ले मिळतील, अशीही समजूत करून घेऊ नये. मादीच्या अंडनलिकेतील सूक्ष्म नळ्यांमध्ये शुक्राणू दोन ते तीन आठवडे जिवंत राहतात. त्यामुळे जुना नर दूर केल्यावर तीन आठवड्यांची अंडी खाण्यासाठी वा विक्रीसाठी वापरावीत आणि त्यानंतरचीच उबवणीला ठेवावीत.

याच्या उलट टोकाला जवळच्या नात्यातील संकराचा धोका असतो. एक नर आणि दहा माद्या अशा बंदिस्त कळपात, आनुवंशिकतेच्या गणितानुसार, अंतःप्रजननाचे प्रमाण दर पिढीत सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. अंडी कमी उबतात, पिल्ले दुबळी निपजतात. एकेका घराचा कळप म्हणून स्वयंपूर्ण नसतो. नर शेजारच्या पाड्यावरून आणणे, बाजारात अदलाबदल करणे, कोंबडी अर्धलीने देणे, या जुन्या रीतींमुळे अनेक घरांचे लहान कळप मिळून एक मोठा कळप बनतो. जातीचे खरे घर म्हणजे तो सारा टापू होय.

सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातील झाबुआ भागात, कडकनाथचे उदाहरण वेगळ्या दृष्टीने बोधप्रद आहे. स्थानिक लोक त्याला कालामासी म्हणतात. त्याचे मांस, कातडी आणि अंतर्गत अवयवही काळपट असतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि त्याचे मोल वाढले. त्याचबरोबर अवास्तव आशाही वाढल्या. २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या नावाने गुंतवणूक घेणाऱ्या योजना कोसळल्या व फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले.

काळा रंग पाहून शुद्ध जात ओळखता येते, असा ग्राहकाचा समज असतो. तो पुरेसा खरा नाही. काळेपणा आणणारे जनुक प्रभावी आहे. परंतु कातडीतील रंग दाबणारे दुसरे एक जनुक लिंगसूत्रावर असते. बेटसन व पनेट यांनी १९११ साली सिल्की नावाच्या काळ्या कातडीच्या जातीवर केलेल्या अभ्यासातून हा गुंता प्रथम उलगडला. काळ्या जातीचा नर आणि फिक्या पायांची मादी यांच्या संकरात माद्या काळ्या व नर बरेच फिके निघतात; उलट जोडीत दोन्ही फिके. म्हणजे संकरातील मादीही काळीच दिसू शकते. खात्री हवी असेल तर अनेक पिल्लांची, विशेषतः नरांची, पाहणी करावी लागते. शिवाय कडकनाथची मादी उबवणीला फारशी भरवशाची नसल्याने तिची अंडी बहुधा दुसऱ्या देशी कोंबडीखाली ठेवली जातात. मौल्यवान जातीलाही साध्या खुडूक कोंबडीचा आधार लागतो, तो असा.

कोणतीही जात पाळली तरी राणीखेत, म्हणजेच मानमोडी, हा रोग एका आठवड्यात परस रिकामे करू शकतो. पहिल्या आठवड्यात लासोटा लस डोळ्यात वा नाकात थेंब टाकून आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचून तो टाळता येतो. अडचण वेगळीच आहे. लसीची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते; द्रावण मिसळल्यावर ती एक-दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही. म्हणून दिवस ठरवून, कोंबड्या चरायला सुटण्यापूर्वी पहाटेच, साऱ्या पाड्याने आपापली खुराडी एकदम उघडावी लागतात.