फिशटँकची सजावट: खरी की प्लास्टिकची?

फिशटँक सजवायचा म्हटला की घरात दोन तट पडतात. कोणाला खरे दगड आणि जिवंत वनस्पतीच हव्या असतात, तर कोणाला प्लास्टिकची झुडपं आणि रंगीत किल्ले सोयीचे वाटतात. पण टाकीतली प्रत्येक वस्तू दिवसरात्र पाण्यात भिजत असते आणि त्याच पाण्यात मासा श्वास घेत असतो. त्यामुळे ती पाण्यात काय सोडते आणि माशाच्या अंगाला लागते का, हे आधी पाहायला हवं. या कसोटीवर ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज टिकत नाही. समुद्रावरून हौसेनं आणलेले शंख-शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. ते हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा आणि सामू वाढवतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिडना असं पाणी मानवतं, पण ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्याच्या निऑन टेट्राला नाही. ड्रिफ्टवुडचं, म्हणजे पाण्यात झिजलेल्या लाकडाचं, उलट: त्यातलं टॅनिन पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग देतं आणि सामू थोडा उतरवतं, म्हणून ते टेट्राला चालतं. आपल्याकडचा काळा बेसाल्ट बहुतेक वेळा निर्धोक असतो, मात्र त्याच्या पोकळ्यांत कधी पांढरं कॅल्साइट भरलेलं असतं. दगड धुऊन, वाळवून त्या पांढऱ्या भागावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. फसफसलं तर तो दगड टेट्राच्या टाकीत नको. दगडी प्रवाळाचा तर विचारच सोडावा, कारण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलेलं आहे.

म्हणून प्लास्टिक बरं, असंही नाही. हलक्या प्रतीच्या वस्तूंचा रंग सुटतो आणि पानांच्या कडा धारदार असतात. फायटर माशाचे लांब, तलम पर त्यांत अडकून फाटतात. जुना नायलॉनचा मोजा त्या झुडपावरून ओढून पाहावा. धागा अडकला तर परही अडकेल. मऊ कापडी पानं किंवा बिनझिलईचं मातीचं छोटं मडकं मात्र खुशाल ठेवावं. लपायला जागा मिळाली की मासा निर्धास्त होतो, मग ती जागा कुंभाराच्या हातची का असेना.

तरीही निवड करायचीच तर माझा कौल जिवंत वनस्पतींना आहे. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू प्लास्टिकच्या पानावरही वाढतात, पण साठत जाणारं नायट्रेट प्लास्टिक शोषू शकत नाही. वनस्पती ते शोषतात आणि काही अमोनियाही थेट घेतात. पाणी बदलणं त्यानं टळत नाही, इतकं खरं. वनस्पती मरतात, कुजतात आणि पाणी बिघडवतात, हा आक्षेपही खरा आहे. पण जावा फर्न आणि अनुबियास मंद प्रकाशातही तगतात. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरू नये, ते कुजतं. दोऱ्यानं दगडाला सैल बांधलं की मुळं आपोआप धरतात. गोल्डफिश मात्र मऊ पानं कुरतडतो, तिथे कापडी पानंही चालतील. छाटलेल्या फांद्या नाल्यात किंवा नदीत टाकू नयेत, उन्हात पूर्ण वाळवून मगच फेकाव्यात. महाराष्ट्रातल्या नद्यांचा श्वास कोंडणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे आणि जगभर ती पसरली ती शोभेची वनस्पती म्हणूनच.