सगरमाथ्याच्या पायथ्याचा गावकारभार

जगातील सर्वांत उंच शिखर नेपाळच्या सीमेवर उभे आहे, हे कोणताही शाळकरी मुलगा सांगेल. परंतु त्या शिखराची दक्षिण बाजू कोणत्या गावाच्या हद्दीत मोडते, असे विचारले तर भूगोलाचे शिक्षकही क्षणभर थांबतील. नेपाळच्या दप्तरी या प्रश्नाचे उत्तर आहे: खुंबू पासाङल्हामु गाउँपालिका, जिल्हा सोलुखुंबू. प्रभाग पाच, वस्ती नऊ हजारांच्या आसपास आणि क्षेत्रफळ मात्र दीड हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. त्यातील बराचसा मुलूख बर्फ, खडक व हिमनद्या यांनी व्यापलेला आहे. नामचे, खुमजुंग, लुक्ला ही गिर्यारोहकांच्या तोंडी असलेली ठिकाणे याच हद्दीत येतात. उत्तरेकडे शेर्पांची गावे आहेत, तर दक्षिणेस जुबिंगच्या बाजूला राई लोकांची वस्ती. पालिकेचे नाव आहे पासाङ ल्हामु शेर्पा हिचे. 1993 च्या एप्रिलमध्ये सगरमाथ्यावर, म्हणजे एव्हरेस्टवर, पोहोचणारी ती पहिली नेपाळी स्त्री. उतरताना ती परत आली नाही.

या गाउँपालिकेचे वय फार नाही. 2015 च्या संविधानाने नेपाळ संघराज्य बनला आणि 2017 च्या मार्चमध्ये जुन्या गाव विकास समित्या मोडून नव्या स्थानिक पालिका स्थापन झाल्या. आज देशात अशा 753 पालिका असून त्यांपैकी 460 ग्रामीण आहेत. त्याच वर्षी वीस वर्षांनंतर प्रथमच स्थानिक निवडणुका झाल्या. मधल्या काळात, 2002 नंतर, गावे सरकारी नोकरांच्या हाती होती. कारभार नियमांबरहुकूम झालाही असेल. परंतु ज्याला जाब विचारावा असा माणूस गावात उरला नव्हता.

तथापि खुंबूच्या शेर्पांना स्वशासन संविधानाने शिकवले, असे म्हणणे धाडसाचे होईल. शेर्पा समाजाचा अभ्यास करणारे मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ 1953 साली खुंबूत गेले, तेव्हा तेथे 'नावा' नावाचे गावकामगार होते. एक नावा पिकांचा, दुसरा वनाचा. बटाटा आणि इतर पीक शेतात उभे असताना याक व इतर जनावरे गावाबाहेर वरच्या कुरणांत गेलीच पाहिजेत, गवत कापणीला ठरल्या दिवसाआधी हात लावता कामा नये, राखीव वनात कोणी कुऱ्हाड चालवू नये, हे पाहणे त्यांचे काम. मोडणाऱ्यास दंड होई. हे काम गावकऱ्यांकडेच फिरत असल्याने आज दंड करणाऱ्यास उद्या दंड भरण्याची पाळी येऊ शके. त्यामुळे दंडाची रक्कम बेताची राहत असावी, असे मानण्यास हरकत नाही. 1957 साली नेपाळने वने सरकारजमा केली, 1976 मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झाले, आणि वनाच्या नावाचा अधिकार उद्यानाच्या पहाऱ्याकडे गेला. कुरणांचा निर्बंध मात्र काही गावांत पुढेही पाळला गेला.

नव्या व्यवस्थेत गावाला परत काय मिळाले? कागदावर पुष्कळ. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थानिक शासनाचे 22 विषय आहेत: शाळा, प्राथमिक आरोग्य, गावरस्ते, स्थानिक कर. भारतातील सरपंचाला हेवा वाटावा अशी ही यादी आहे. अध्यक्ष व उपाध्यक्ष थेट मतदानाने निवडले जातात. प्रत्येक प्रभागात प्रभागाध्यक्षाखेरीज चार सदस्य असतात; त्यांत दोन स्त्रिया हव्यात आणि त्यांपैकी एक दलित. उपाध्यक्ष न्यायिक समितीचे प्रमुख असतात. बांधाचे, पाटाच्या पाण्याचे, मजुरी थकल्याचे तंटे प्रथम तेथेच येतात. एकाच पक्षाने अध्यक्ष व उपाध्यक्ष ही दोन्ही पदे लढवल्यास एका पदासाठी स्त्री उमेदवार देणे बंधनकारक आहे. त्यामुळे 2017 साली देशभर या न्यायासनावर बहुतेक ठिकाणी स्त्रिया बसल्या. 2022 मध्ये पक्षांनी युती करून एकेक पद वाटून घेतले, आणि त्या पळवाटेने त्यांची संख्या घटली.

खरी ओढाताण आहे ती डोंगराच्या उत्पन्नावरून. शिखरावर चढण्याचा परवाना काठमांडूहून मिळतो. वसंत ऋतूत परदेशी आरोहकाला त्यासाठी 11 हजार डॉलर पडत. सप्टेंबर 2025 पासून 15 हजार पडतात. 2017 च्या वित्तीय कायद्याने या महसुलाचा निम्मा भाग केंद्राचा, चौथा हिस्सा प्रांताचा व चौथा हिस्सा संबंधित स्थानिक पालिकांचा ठरवला. मराठी कानाला ही चौथाई ओळखीची वाटेल; फरक इतकाच की येथे ती घरच्या धन्यालाच मिळते. शिखर केंद्राचे, वन उद्यानाचे, आणि आरोहकांनी मागे टाकलेली घाण गावाची, अशी ही वाटणी आहे. पालिकेने 2017 मध्येच परदेशी प्रवाशांवर दोन हजार रुपयांचे स्वतःचे प्रवेशशुल्क बसवले. त्यावर वादही झाला. 2020 पासून एकदाच वापरून फेकण्याच्या प्लास्टिकला मज्जाव केला. 2024 मध्ये तर आरोहकांनी आपली विष्ठा पिशवीत घालून तळावर परत आणावी, असा नियम केला. विषय शिष्टसंमत नाही. परंतु वरचे बर्फ वितळते, आणि खालच्या वस्तीला पाणी तेथूनच येते. जुन्या नावाला हा नियम समजावून सांगावा लागला नसता.

याच वर्षी, 16 ऑगस्टला, ठामे गावावरच्या हिमतळ्याचा बांध फुटला. हा तेनसिंगच्या बालपणाचा गाव. भरदिवसा लोंढा आल्याने माणसे वाचली. शाळा, आरोग्यकेंद्र आणि अनेक घरे वाहून गेली. जवळच दिग छो या तळ्याने 1985 च्या ऑगस्टमध्ये असाच घात करून नामचेसाठी बांधलेले वीजकेंद्र नेले होते. आपत्तिनिवारण हाही त्या 22 विषयांपैकी एक आहे. परंतु हवा तापते ती पाच प्रभागांच्या हद्दीबाहेर, आणि हिमतळ्याला दंड ठोठावण्याचा अधिकार नावालाही नव्हता. ज्यांची जमीन नदीने नेली, त्यांना याच गावाच्या हद्दीत घरासाठी नवी जागा कोठे द्यावी, हा ठाम्याचा प्रश्न पालिकेच्या दारी आला.