पेटी सरकवायची, पण किती?

तुरीच्या धुऱ्यावर ठेवलेली मधपेटी फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की सावलीत न्यावीशी वाटते. कुणाची पेटी ढोरांच्या वाटेत येते, कुणाची शेजारच्या फवारणीच्या तडाख्यात. निंबाचं झाड तर तीसच फुटांवर दिसतं. दोघींनी उचलली की झालं, असं वाटतं, आणि पेटी इथेच हातची जाते.

कामकरी माशी कामाला लागते तेव्हा आधी पेटीसमोर घिरट्या घालून आजूबाजूची झाडं, कूड, सूर्याची दिशा डोक्यात बसवते. तिच्यासाठी ती जागाच घर. पेटी तीस फुटांवर नेली तरी ती चारा घेऊन जुन्याच जागी येते, तिथेच घुटमळते आणि रात्री गारठून मरते. इकडे पेटीत राणी आणि पिलं उरतात, पण पराग-पाणी आणणाऱ्या कमी पडतात. आपली सातेरी माशी तर अशी, की जाच झाला की सगळीच्या सगळी पेटी सोडून जाते. पेटी रिकामी झाली तरी गटाच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही.

म्हणून आधी विचारावं, हलवायची गरज आहे का? शेजारच्या कांदा बियाण्याच्या प्लॉटवर माश्या जाव्यात एवढ्यासाठी नको. पाच-सातशे फूट त्या सहज जातात. सावली हवी असेल तर चार बल्ल्या रोवून वर तुराट्यांचा मांडव घाला, काम झालं.

हलवायचीच असेल तर रोज दोन फूट, जास्त नाही. तीस फुटांना पंधरा दिवस लागतात, म्हणून ऊन कडक व्हायच्या आधी सुरुवात करावी. दाराचं तोंड होतं त्याच दिशेला ठेवायचं. ज्या दिवशी ढगाळ किंवा पावसामुळे माश्या बाहेर पडल्याच नाहीत, त्या दिवशी पेटी सरकवू नका. तो दिवस हिशोबात धरायचा नाही.

सरकवायची अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या आत आल्या की. बॅटरीला लाल कागद लावा, लाल उजेड त्यांना दिसत नाही. पेटीला दोरी बांधून दोघींनी सपाट उचलायची. वाकडी झाली की आतल्या फ्रेम एकमेकींवर आपटतात आणि राणी चेंगरते. स्टँडच्या पायाखालच्या पाण्याच्या वाट्या नव्या जागी आधीच भरून ठेवा, नाहीतर मुंग्या रात्रीतच चढतील.

पंधरा दिवस थांबायला जमत नसेल, तर तीन किलोमीटरहून लांबच्या गावातल्या गटाकडे पेटी ठेवावी, माहेरपणाला धाडल्यासारखी. तीन आठवड्यांत जुनी जागा ओळखणाऱ्या बऱ्याच माश्या संपलेल्या असतात. मग परत आणून थेट निंबाखाली ठेवता येते. या प्रवासात दार जाळीने बंद करायचं, कापड कोंबून नाही, आणि उजाडायच्या आत पोचून उघडायचं.

दार बंद करून दोन-तीन दिवस कोंडून ठेवा, मग जुनी जागा विसरतात, असंही कुणी सांगेल. महाबळेश्वरच्या थंड हवेत एकवेळ चालेल, वाशिमच्या उन्हात नाही. कोंडलेल्या माश्या घाबरून पेटी तापवतात आणि आतलं मेण मऊ होऊन पोळं खाली पडतं.

आणि हे सगळं पेटीतल्या सातेरीसाठी. झाडावरच्या आग्यामोहोळाला हात लावायला जाऊ नका.