वाख सोडवणारे जिवाणू: ऐकीव समजुती आणि वस्तुस्थिती

नंदुरबार जिल्ह्यात शहादा, तळोदा भागात केळीचा घड उतरला की खोड बहुतेकदा बांधावर टाकले जाते. त्यातून धागा निघतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. अंबाडी आणि तागाचा वाख तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काढला जातो. काड्यांचे भारे पाण्यात भिजत ठेवले की तो सुटतो जिवाणूंमुळे, पण त्यांच्याबद्दल ऐकीव गोष्टीच फार.

‘अंबाडी जितकी सडेल तितका वाख मऊ.’ असे नाही. सालीतले धागे पेक्टिन या चिकट पदार्थाने एकमेकांना जखडलेले असतात. बॅसिलस आणि हवा नसलेल्या पाण्यात क्लॉस्ट्रिडियम हे जिवाणू पेक्टिनेज नावाची विकरे (एन्झाइम) सोडून ते पेक्टिन विरघळवतात. काम इथेच थांबवायचे. पुढे सेल्युलोज, म्हणजे खुद्द धागाच तोडणाऱ्या विकरांची पाळी येते आणि दोर पिचका निघतो. शेवटच्या दिवसांत रोज एक काडी बाहेर काढून बुडख्याकडे अंगठ्याने दाबून पाहावी. साल अखंड सरकली आणि आतली काडी पांढरी, स्वच्छ दिसली, की भारे लगेच काढावेत.

‘थोडा गूळ टाका, लवकर होईल.’ ही समजूत सर्वांत चिवट, कारण जीवामृत या आंबवलेल्या शेतखतात गूळ लागतो. गुळाने जिवाणूंची संख्या वाढते हे खरेच. पण आपल्याला हवे असते विकर. ते बनवायला जिवाणूची ऊर्जा खर्च होते. आयती साखर समोर असताना बहुतेक जिवाणू पेक्टिनेज बनवणे आवरते घेतात. जिवाणू आधी ग्लुकोज संपवतात आणि मगच दुसऱ्या साखरेकडे वळतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी 1940च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते. म्हणून प्रयोगशाळेत पेक्टिनेजसाठी जिवाणू वाढवताना गव्हाचा कोंडा किंवा संत्र्याच्या साली वापरतात. त्यांत पेक्टिन असते आणि ते मिळाले की विकर बनू लागते. भिजवणीच्या टाकीत गूळ नकोच.

तापमानाबाबतही घोटाळा होतो. अनेक बॅसिलस जिवाणू 30 ते 37 अंशांना जोमाने वाढतात, पण त्यांची विकरे 50-60 अंशांना सर्वांत वेगाने चालतात आणि तिथे फार काळ टिकत नाहीत. ‘50 अंशांना उत्तम’ असे कुठे वाचले, तर ते विकराबद्दल लिहिलेले असते. भिजवणीत तर जिवाणू जगवायचा आहे. ज्यूट भिजवायला 34 अंशांच्या आसपासचे पाणी चांगले मानतात. तोरणमाळच्या थंडीत हेच काम रेंगाळते. त्यामुळे अमुक इतके दिवस, असे सरसकट सूत्र नाही.

‘पाणी कसलेही चालते’ हेही खरे नाही. काही पेक्टिनेज आम्लधर्मी पाण्यात चालतात. पेक्टेट लायेज या प्रकारच्या पेक्टिनेजला मात्र अल्कधर्मी पाणी आणि कॅल्शियम लागते. लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू 10च्या आसपास असतो. तिथल्या जिवाणूंच्या विकरांमध्ये संशोधकांना रस आहे तो यामुळेच. पाण्यात लोह असेल तर वाख काळपट होतो. भाऱ्यांवर दडपण म्हणून चिखल किंवा केळीचे खोड ठेवल्यानेही रंग जातो, आणि आपल्याकडे खोडच हाताशी असते.

बराकपूरच्या केंद्रीय ज्यूट संशोधन संस्थेने भिजवणीसाठी बॅसिलस प्युमिलस जिवाणूंची ‘क्रायजाफ सोना’ ही पावडर काढली आहे. अशी कोणतीही पावडर आणण्याआधी आपल्या टाकीतल्या पाण्याचे तापमान आणि सामू मोजून घ्या.