सायकल आणि सोबत, भाग ६ : चाकामागे चाक

मागच्या भागात ब्रेक तपासून झाले. आता पाच-सहा जण मिळून निघालो, तर काय बदलतं ते पाहू. रस्ता घेऊ महाड औद्योगिक वसाहतीतला : बिरवाडीकडून महामार्गावर, पुढे पोलादपूर आणि आंबेनळी घाट. रविवारी सकाळी तो मोकळा वाटतो. पण रसायनांच्या कारखान्यांना रविवार नसतो.

सोबत चालवण्यातली मोठी सोय म्हणजे वारा पुढचा झेलतो. ताशी २५-३० किलोमीटरच्या वेगात मागच्याचे श्रम ढोबळमानाने पावभर तरी वाचतात. म्हणून जो तो पुढच्याला चिकटतो, आणि धोका तिथेच आहे. सायकलचा तोल आपण हँडल सतत किंचित इकडे-तिकडे वळवून सांभाळत असतो. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने घासलं, तर हँडल त्या बाजूला वळतच नाही. पुढच्याला बहुधा नुसता हिसका बसतो. आडवा होतो तो मागचा, आणि त्याच्यावर त्याच्या मागचे. म्हणून चाक चाकाच्या मागे हवं, शेजारी नको. नवख्यांनी मध्ये निदान एका सायकलीएवढी जागा ठेवावी, पावसात त्याच्या दुप्पट.

मागच्याला रस्ता दिसत नाही, पाठ दिसते. तेव्हा खड्डा ज्या बाजूला, तो हात खाली करून पुढच्याने दाखवायचा. मात्र ब्रेक दाबायची वेळ असेल, तर हात हँडलवरच ठेवून ओरडायचं. शेवटच्याने ‘मागून टँकर!’ अशी हाळी द्यायची आणि ती प्रत्येकाने पुढे पोचवायची.

या रस्त्यावर टँकरचा विचार वेगळा करावा लागतो. बारा जणांची सलग रांग त्याला एका दमात ओलांडता येत नाही. समोरून गाडी आली की तो डावीकडे दाबतो, नेमका रांगेत. चार-चार जणांचे गट करून मध्ये टँकर मावेल एवढी जागा सोडावी. कारखान्याच्या फाटकाशी तो डावीकडे वळत असेल, तर त्याच्या डाव्या अंगाला शिरू नये. तिथलं ड्रायव्हरला दिसत नाही. घातक रसायन नेणाऱ्या गाडीवर पदार्थाचं नाव, क्रमांक आणि आपत्कालीन फोन असलेला फलक लावणं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारक आहे. असा टँकर उलटलेला दिसला, तर फलक वाचायला किंवा फोटो काढायला जवळ जायचं नाही. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहील अशा बाजूला, लांब थांबून ११२ ला फोन करायचा.

पाळी सुटते तेव्हा थकलेले कामगार पायी, दुचाकीवर, कुणी साध्या सायकलवर घरी निघालेले असतात. रोजचा रस्ता त्यांचा. चकचकीत जर्सी घालून ‘बाजू, बाजू’ करत त्यांच्यातून घुसणं मला तरी उद्धटपणा वाटतो. वेग कमी करा.

घाटात रांग मोडायचीच. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, पोलादपूर पार पायथ्याशी. उतरताना प्रत्येकाने आपापल्या वेगाने, भरपूर अंतर ठेवून यावं. ब्रेक सलग दाबून ठेवले तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. थांबून थांबून दाबावेत. चढताना प्रतापगडच्या फाट्यावर सगळ्यात हळू येणाऱ्यासाठी थांबायचं, आणि तो आल्यावर त्यालाही दम खाऊ द्यायचा; तो पोचताक्षणी बाकीच्यांनी टांग मारायची नाही. घाटात फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून पुढची थांबायची जागा निघण्यापूर्वीच ठरवावी. पोलादपूरला उतरल्यावर चहा सांगण्याआधी माणसं मोजावीत.